मळीच्या पाण्याचं विरजण

आमच्या गल्लीनं आम्हा नवरा-बायकोचं संशोधन एका वाक्यात बसवलं होतं. "सर अणूत हायत, आनी मॅडम गटारीत." कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते आणि उरलेल्यांत माणसांपेक्षा म्हशी जास्त होत्या. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना घर शोधायला त्रास होत नसे. कोपऱ्यावर विचारलं की लोक हेच वाक्य सांगत, आणि तिथून पुढं पाहुण्याला त्याचं नाक घेऊन येई.

वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा. नवरा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि अणूच्या केंद्रकावर काम करायचा. जड केंद्रकं गोल असतात की लांबट, आणि गरगर फिरायला लागली की त्यांचा आकार कसा बदलतो, हे तो गणितानं शोधायचा. त्याला कागद, पेन्सिल आणि विद्यापीठातला कॉम्प्युटर एवढंच लागे. कॉम्प्युटरमधून कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद निघायचा. त्याच्या एका बाजूला आकडे असायचे आणि दुसऱ्या कोऱ्या बाजूवर माझ्या सासूबाई सांडगे वाळत घालायच्या.

सासूबाई दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. मूळच्या शाहूवाडीकडच्या भातगावातल्या. पोराचं काम समजून घ्यायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला होता.

"आई, काही केंद्रकं बटाट्यासारखी असतात, काही रताळ्यासारखी," त्यानं एकदा जेवताना सांगितलं.

"आनी बटाटा का रताळं एवढं बघाया तू इतकी वर्सं शिकलास व्हय?" त्या म्हणाल्या. त्यानं आमटी वाढून घेतली. मला मात्र ते जेवण फार गोड लागलं.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होते. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून मळीचं पाणी निघतं. काळपट, आंबूस, नाकात घुसलं की दिवसभर न निघणारं. ते ओढ्यात सोडलं की मासे उलटे तरंगतात. हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव बंद ड्रममध्ये वाढवायचे, त्यांना हे पाणी खायला घालायचं आणि त्यातून पाणी बऱ्यापैकी स्वच्छ आणि वर जळणारा गॅस मिळवायचा, हे माझं काम. ड्रम आधी विभागातच होता. पण शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकांनी डबा खाणं सोडलं आणि विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, "संशोधन जरूर करा, पण वाऱ्याच्या खालच्या अंगाला." विभागाच्या फ्रिजमध्ये राखीव म्हणून मी त्या जीवांच्या गाळाच्या दोन बाटल्या ठेवल्या होत्या, त्याही कुणीतरी बेसिनमध्ये ओतल्या. मग ड्रम आमच्या परसात आला.

निळा प्लास्टिकचा ड्रम, घट्ट झाकण, झाकणातून निघालेली नळी आणि नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. आत सगळं ठीक असलं की बाटलीत गुडुक करून बुडबुडा यायचा. सकाळी उठल्यावर मी आधी तो आवाज ऐकायची आणि मग दात घासायची. हे जीव फार तऱ्हेवाईक. लहान पोराला तिखटाची सवय लावावी तसं त्यांना मळीचं पाणी आधी अगदी पातळ करून द्यायचं आणि महिनोन्महिने हळूहळू वाढवत न्यायचं. घाई केली की आत सगळं आंबट होतं आणि मंडळी संपावर जातात. मग चुना घालून, उपाशी ठेवून मनधरणी करायची. एवढं करून माझा ड्रम निम्म्याला निम्मं मळीचं पाणी पचवायला लागला होता. जूनमध्ये विद्यापीठाची समिती बघायला येणार होती. चालता ड्रम दाखवला तर काम पुढं, नाही तर विषय बंद.

घरात माझ्या बाजूनं एकट्या सासूबाई होत्या. दवाखान्यात आयुष्यभर फिनेलचा वास घेतलेल्या बाईला दुसऱ्या कुठल्याच वासाचं वावडं उरलेलं नव्हतं. बाटलीत बुडबुडा आला की त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "तुझी जित्राबं जेवली गं!"

भिंतीपलीकडं खरीखुरी जित्राबं होती. शेजारच्या काकूंच्या म्हशी, गोठा आणि मागं गोबर गॅसचा खड्डा. काकूंचं तोंड मोठं. रोज भिंतीवरून त्यांचं सुरू व्हायचं, "माझ्या म्हशीबी शेण घालत्यात, पर असला वास जल्मात न्हाय घेतला बाई!" मीही काही ऐकून घेणारी नव्हते. म्हशींच्या माश्या कुणाच्या घरात येतात, हे मी तेवढ्याच मोठ्यानं विचारायची.

पण काकूंवरचा माझा खरा राग वासावरून नव्हता, खिरीवरून होता. आम्ही बौद्ध. वैशाखी पौर्णिमेला सासूबाई शाहूवाडीच्या तांदळाची खीर करायच्या आणि भिंतीवरून काकूंना पातेली द्यायच्या. रिकामं भांडं परत करू नये ही रीत काकूंनी कधी मोडली नाही. पातेली घासूनपुसून, त्यात मूठभर साखर घालून यायची. फक्त मधल्या काळात खीर म्हशीच्या आंबोणात जायची. एकदा मी ते गच्चीवरून पाहिलं. तणतणत खाली आले आणि सासूबाईंना सांगितलं. त्यांना माहीत होतं.

"म्हस तरी गोड खाती की," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. पुढच्या पौर्णिमेला परत पातेली गेली. मला हे कधीच पटलं नाही.

एका थंडीत काकूंचा गोबर गॅस बंद पडला. शेगडीला काडी लावली तर काडीच विझायची. शेवटी काकू भिंतीपाशी आल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुझ्या त्या ड्रमातला गाळ घातला तर चालू हुतंय म्हनं." माझ्या ओठांवर 'नाही'च आलं होतं, पण सासूबाईंनी आधीच बादली पुढं केली. मी बादलीभर गाळ दिला. थोड्या दिवसांत शेगडी निळी पेटली. काकूंनी जोतिबाला नारळ फोडला. माझं नाव निघालं नाही, पण माझ्याकडं उरणारे मळीच्या पाण्याचे कॅन आपल्या खड्ड्यात ओतायला त्यांनी परवानगी दिली. त्यानं गॅस जास्त येतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग एखाद्या आठवड्यात मी चुकले की त्या भिंतीवरून विचारायच्या, "आज पानी न्हाय व्हय?"

"आपली खीर चालत न्हाय, गटार चालतंय," काकूंनी असं पहिल्यांदा विचारलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

हे सगळं सांगितलं ते त्या मे महिन्यासाठी. बरोबर वैशाखी पौर्णिमेला देशानं वाळवंटात अणुचाचणी केली. आम्ही विहारातून आलो होतो, खीर झाली होती, सासूबाई पांढऱ्या साडीत टीव्हीसमोर बसल्या होत्या. बातमी ऐकून त्यांनी टीव्ही बंद केला. "आजचाच दिस गावला व्हय त्यास्नी?" म्हणाल्या. नवराही गप्प बसला.

गल्ली मात्र गप्प बसणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तरुण मंडळाचे अध्यक्ष पोरांना घेऊन दारात हजर. अध्यक्ष म्हणजे तालमीत घडलेला, आवाज फुटका, मन मोठं असा माणूस. आपल्या गल्लीत अणूचा माणूस राहतो आणि आपण गप्प, ही गोष्ट त्यांना लागली होती.

"सर, सत्कार हाय तुमचा. फेटा, हलगी, सगळं."

"अहो, पण माझा बॉम्बशी काही संबंध नाही. मी केंद्रकाचा आकार शोधतो. कागदावर."

अध्यक्षांनी पोरांकडं बघितलं, पोरांनी अध्यक्षांकडं. "कळतंय आमास्नी," अध्यक्ष आवाज खाली आणून म्हणाले, "सांगता येत न्हाय. आमी कुटं बोलनार न्हाय." आणि लगेच रस्त्यावर जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

नवरा जितकं नाही म्हणत होता तितकी त्याची कीर्ती वाढत होती. पानाच्या टपरीवर तर तो दिल्लीला फोनवर बोलतो इथपर्यंत मजल गेली. आमच्याकडं फोनच नव्हता. "म्हंजे दुसरीकडनं लावत असनार," असं टपरीवाल्यानं मला समजावून सांगितलं.

सत्काराच्या दिवशी मी आणि नवरा विद्यापीठात आपापल्या विभागात गेलो होतो, सासूबाई विहारात. प्रमुख पाहुणे म्हणून नगरसेवक येणार होते. आणि आमच्याकडं मोठा पाहुणा यायचा म्हटलं की आधी अंगण झाडायचं, सडा मारायचा, वास घालवायचा. मंडळानं हे काम अंगावर घेतलं. दुपारी मी परत आले तर फाटकापासून परसापर्यंत पांढऱ्या पावडरीच्या रेघा ओढल्या होत्या. मला वाटलं रांगोळी. मग वास आला. आमच्या घरातून पहिल्यांदाच स्वच्छ वास येत होता आणि मी पिशवी टाकून परसाकडं धावले.

ड्रमचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं. नळी छान गुंडाळून खिळ्याला अडकवली होती. आतला काळा गाळ पांढरा पडला होता. अध्यक्ष घाम पुसत, कौतुकाची वाट बघत उभे होते.

"वैनी, ब्लीचिंग पावडर आनी फिनेल, डब्बल टाकलंय. आता आत किडा-मुंगी वाचत न्हाय बगा!"

मी काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. एवढंच सांगते की तालमीत वाढलेली ती पोरं एकेक करून भिंतीवरून पलीकडं उतरली आणि अध्यक्ष एकटेच राहिले. त्यांना आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं. घाण साफ केली तर बाई रडते, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी ड्रमच्या कडेला धरून खरोखर रडत होते. कुणाचं माणूस गेलं की लोक भेटायला येतात. माझे गेले होते ते डोळ्यांना दिसतही नव्हते, मग कोण येणार?

सत्कार झालाच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज, हलगी, नगरसेवकांचं भाषण. नगरसेवकांनी शत्रूला कळंब्यातून इशारा दिला. मग नवरा उठला. फेटा त्याच्या डोक्याला मोठा झाला होता, तो एका हातानं सावरत आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन तो बोलायला लागला. आयुष्यात विद्यार्थी सोडून कुणासमोर न बोललेला माणूस. आधी त्यानं बटाटा आणि रताळं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण ती गुप्त खूण आहे असं त्यांना वाटलं. मग तो थांबला.

"माझ्या कामानं कुणाचं वाईट झालेलं नाही. खरं सांगायचं तर अजून चांगलंही झालेलं नाही," तो म्हणाला. "ओढ्यातलं पाणी साफ होईल असं काम या घरात एकच होतं. ते हिचं. आज दुपारी ते मेलं. हा नारळ मला घेववत नाही."

एवढं बोलून त्यानं नारळ अध्यक्षांच्या हातात ठेवला. हलगीवाल्याला वाटलं भाषण संपलं, त्यानं एक ठोका मारला आणि अध्यक्षांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं हलगी पाठीमागं लपवली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या माणसाला माझं काम कळतं हे मला त्या ट्रॉलीसमोर उभं राहून कळलं. मला त्याच्याबद्दल इतकं प्रेम त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि फेट्यात तो इतका वाईट दिसत होता.

अध्यक्ष खाली उतरून माझ्यासमोर आले. "वैनी, परत आनता येतील का ती? कुटनं म्हनाल तितनं आनतो. पुन्यास्नं, म्हमईस्नं."

"दुकानात नाही मिळत ती," मी चिडून म्हटलं. "विरजण असतं ते. ज्याच्याकडं आधीचं असेल त्याच्याकडूनच आणावं लागतं."

बोलले आणि माझी मीच थांबले. सासूबाईही माझ्याकडं बघत होत्या. आमच्या दोघींच्या नजरा एकदमच भिंतीपलीकडं, गोबर गॅसच्या खड्ड्याकडं गेल्या. तिथं माझाच गाळ होता आणि इतके महिने तो माझंच मळीचं पाणी खात होता.

मग जे झालं ते फक्त कोल्हापुरात होतं. सत्काराचा सगळा लवाजमा, पुढं हलगी, मागं नगरसेवक, मधे फेट्यातला नवरा, असे आम्ही काकूंच्या दारात विरजण मागायला गेलो. काकू नुकताच तुळशीपाशी दिवा लावून उभ्या होत्या. अध्यक्षांनी सगळं सांगितलं आणि मी विरजण मागितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

"न्हाय."

"काकू, अवो, बादलीभर तर पायजे!" अध्यक्ष म्हणाले.

"दिवेलागनीनंतर म्या विरजान देत न्हाय. घरातली लक्ष्मी जाती."

"पर ह्ये शेन हाय की!"

"हिनं आत्ता काय म्हटलं? विरजान म्हटलं न्हवं? मग विरजानच." काकूंनी दार लावून घेतलं. नगरसेवकांनी मध्यस्थी करून पाहिली, तर आतून आवाज आला, "आमच्या गल्लीतलं गटार आदी करा, मग बोला." नगरसेवक दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. काकूंच्या मनात दिवेलागण होती की खीर होती, हे मला कळत नव्हतं. गाळ काय, रीतीच्या नावाखाली सकाळीही नाकारता येतो. पहाटे डोळा लागला आणि भिंतीवर भांडं आपटल्याच्या आवाजानं जाग आली. काकू भिंतीवर बादली ठेवून उभ्या होत्या, काठोकाठ भरलेली.

"तळातला काडलाय, जाड बगून," त्या म्हणाल्या. "विरजानाला पातळ चालत न्हाय."

मंडळाच्या पोरांनी ड्रम आठ-दहा पाण्यांनी धुतला. मी तो आत डोकं घालून हुंगला आणि परत धुवायला लावला. मग गाळ, कोमट पाणी, चवीपुरतं मळीचं पाणी आणि झाकण. त्यानंतर वाट बघणं. रोज सकाळी मी बाटलीसमोर बसायची आणि बाटली गप्प. अध्यक्ष कामावर जाताना फाटकातून विचारायचे, "हाय का धुगधुगी?" टपरीवर अणूचा विषय मागं पडला आणि ड्रमचा आला. समितीचा दिवस जवळ आला तसं मी जेवणही सोडलं. एका सकाळी मी आंघोळीला गेले असताना बाहेरून सासूबाईंची हाळी आली, "जेवली गं, जित्राबं जेवली!" मी तशीच ओल्या केसांनी धावत आले. गुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग परत गुडुक.

समिती आली, नाकाला रुमाल लावून उभी राहिली. मी नळीच्या टोकाला काडी लावून गॅस पेटवून दाखवला. एका सरांनी विचारलं, "हे सूक्ष्मजीव कुठून मिळवले?" मी म्हटलं, "शेजारणीकडून." ते प्रबंधात नीट लिहा, असं त्यांनी सांगितलं, आणि काम पुढं चालू ठेवायला मंजुरी दिली.

त्या आनंदात सासूबाईंनी खीर केली, पौर्णिमा नसताना. वेलचीचा वास परसातल्या वासावर थोडा वेळ का होईना भारी पडला. एवढ्यात काकू आल्या. भिंतीवरून नाही, पहिल्यांदाच फाटकातून.

"माजी बादली ऱ्हायलीया."

सासूबाईंनी ती राखेनं घासून लख्ख करून ठेवली होती. हातात घेतली आणि थांबल्या. रिकामी कशी द्यायची? "थांब, तांदूळ घालते."

"तांदूळ नगं," काकू म्हणाल्या. त्यांचं लक्ष स्वयंपाकघराकडं होतं. "खीर केलीयास न्हवं?"

"केलीया की. बादलीत वतू?" सासूबाईंच्या आवाजाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा धार आली होती.

काकू लुगडं सावरून आमच्या पायरीवर बसल्या.

"बादलीत नगं. वाटीत घाल. हितंच खाते."

सासूबाई आत गेल्या. फळीवरून भांडी काढल्याचा आवाज आला, कारण चांगली वाटी सगळ्यात मागं होती. काकूंनी वाटी हातात घेतली, बोटानं खीर चाखली, मग सगळी खाल्ली.

"दर साली अशीच करतीस?" त्यांनी विचारलं.

"अशीच."

"तरीच," काकू वाटीत बघत म्हणाल्या, "पौर्णिमा आली की म्हशी दावं तोडायच्या."

सासूबाई हसल्या नाहीत. आत जाऊन डाव घेऊन आल्या आणि न विचारता त्यांनी ती वाटी परत भरली.